पुस्तकात ओला पाला

गुलाबाईचा खाऊ ओळखायला नाक लागत नाही, कान लागतो. डबा झाकलेला असतो, घरची बाई तो पदराआड धरून हलवते आणि पोरींनी आवाजावरून सांगायचं असतं. खडखडलं तर फुटाणे, खसखसलं तर मुरमुरे, काहीच वाजलं नाही तर शिरा. ओळखलं नाही तर बाई डबा उघडत नाही आणि पोरी हटत नाहीत. भाद्रपदाच्या पुनवेला गुलाबाई बसली की कोजागरीला उठेपर्यंत आमच्या यावलच्या गल्लीत संध्याकाळी दुसरं काही चालत नसे. मखरात मातीची गुलाबाई, तिच्या शेजारी मातीचा गुलोजी, समोर टिपऱ्या घेतलेल्या पोरी आणि त्यांच्या कडेवर, मागे, पायात त्यांची शेंबडी भावंडं. एका घरची गाणी आटोपली, खाऊ पोटात गेला की सगळा लोंढा पुढच्या घरी. एकही घर वगळायचं नाही. वगळलेल्या घरावर गुलाबाई रुसते म्हणतात, पण खरं तर त्या घरची बाई रुसते, आणि ते जास्त महाग पडतं.

सव्वीस साली या लोंढ्यात पुस्तकांचं खोकं शिरलं. ते कुंदाबाईनं आणलं.

कुंदाबाई म्हणजे रुपचंद मास्तरांची बायको, माझी शेजारीण. आमची भिंत एक. सकाळी तिच्या कढईत फोडणी पडली की माझ्या चुलीशी ऐकू येई, आणि मोहरी जास्त तडतडली की मी इकडून भिंतीवर थाप मारून तिला हसत असे. माहेर धुळ्याचं, सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला गोड. पण एक खोड होती. तिला कुणाला काही शिकवल्याशिवाय राहवत नसे. माझ्याकडे मीठ मागायला आली तरी मीठ कोरडं कसं ठेवावं ते सांगून जाई.

त्या वर्षी तिच्या वडिलांनी धुळ्याहून रॉकेलच्या डब्यांच्या खोक्यात घालून पोरांची पुस्तकं पाठवली. मोठी अक्षरं आणि पानोपानी चित्रं. कुंदाबाईच्या डोक्यात आलं की थोरल्या पोरी गाणी म्हणतात तेव्हा धाकटी नुसती रडत असतात. मग गाणी आटोपल्यावर प्रत्येक घरी ओट्यावर बसून त्यांना थोडं वाचून दाखवावं, आणि जाताना त्या घरी एक पुस्तक चार-आठ दिवस ठेवून यावं. वाचता येत नसलं तरी चित्र बघून गोष्ट कुणालाही सांगता येते, असं तिचं म्हणणं. मी हसले. म्हटलं, आमच्या बाया पुस्तकाचा कागद फाडून पोराचं नाक पुसतील. पण माझं हसणं माझ्याच अंगाशी आलं. बायांना खोकं फार आवडलं. पोर चित्रात गुंतलं की भाकरी थापायला उसंत मिळते, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं.

सगळ्यांत भाव होता बिबट्याच्या पुस्तकाला. त्यात एक बिबट्या डोक्याला फेटा बांधून बाजाराला निघतो, असं चित्र होतं. पिवळं अंग, अंगभर काळे ठिपके, आणि लाल फेटा. पोरं त्यावर तुटून पडत. कुंदाबाईची चार वर्षांची वेणू तर ते पुस्तक आपल्या घरचं असूनसुद्धा प्रत्येक ओट्यावर पुढे घुसून बसे.

कुंदाबाईनं पुस्तकांचे नियम घातले होते. तेलकट हात लावायचे नाहीत, पान दुमडायचं नाही, आणि मध्ये घातलेला निंबाचा वाळका पाला काढून टाकायचा नाही, कारण त्यानं पुस्तकाला कसर लागत नाही. बाया मुकाट ऐकत.

आता माझं सांगते. माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. मी सहा वर्षांची असताना आमच्या घरी देवी आल्या, मी राहिले आणि माझा भाऊ गेला. ते दिवस मला आठवतात. दाराला निंबाचा डहाळा, अंथरुणात निंबाचा पाला, आई केस न विंचरता मोकळे सोडून बसलेली, घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. चुलीवर फोडणी पडायची नाही, कारण देवीला चरचर सोसत नाही असं मानतात. सगळं थंड खायचं, दहीभात नाहीतर भिजवलेलं काहीतरी. आई भावाला नावानं हाक मारत नव्हती, "बाई" म्हणत होती, कारण तेवढे दिवस पोर म्हणजे देवीच. म्हणून टोचणाऱ्याचा विषय निघाला की मी कुणाची भीड ठेवत नाही. टोचणारा गल्लीत आला की आमच्या बाया पोरांना कणगीत लपवत, वर ज्वारीची टोपली ठेवत. मी त्यांना शिव्या देई आणि कुंदाबाई त्यांना समजावून सांगे.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान. तिच्या वेणूच्या दंडावर टोचल्याची खूण नव्हती. वेणूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. त्याला टोचलं, दंड पिकला, ताप डोक्यात गेला आणि पोर हातातून गेलं. टोचण्यानंच गेलं की आणखी कशानं, देव जाणे. तेव्हापासून टोचणारा येणार असं कळलं की कुंदाबाईला माहेरची आठवण येई आणि ती वेणूला घेऊन धुळ्याला जाई. मास्तरांची पोर टोचलेलीच असणार असं सगळे धरून चालत. माझ्याखेरीज गल्लीत कुणाला हे ठाऊक नव्हतं. मी एकदा तिला चांगली झाडली. ती मान खाली घालून म्हणाली, "अक्का, तुम्ही त्याचा दंड पाहिला नव्हता." मला तिचा रागही आला आणि कीवही आली, आणि कीव वरचढ ठरली. मी तो विषय सोडला.

पितृपाठ चालू होता. आमच्या समोर चुडामणचं घर, केळीची बाग असलेलं, खाऊनपिऊन सुखी. त्याची बायको यशोदाबाई, बारा वर्षांची मुलगी कमल आणि पाचाचा पुना. कमलचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. ही तिची माहेरची शेवटची गुलाबाई, म्हणून यशोदाबाईनं मखर असं सजवलं होतं की बघत राहावं. पोरी पहिल्या दिवसापासून तिच्या खाऊची वाट बघत, कारण तिच्या हातची करंजी सगळ्या यावलात प्रसिद्ध. बिबट्याचं पुस्तक पुनानं रडून रडून आधी आपल्या घरी ठेवून घेतलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पुना दिसेनासा झाला. वरणगावला मामाकडे गेला, असं यशोदाबाई म्हणाली. तो नुकताच मामाकडूनच आला होता, पण पोरं जातात-येतात, कोण हिशेब ठेवतो?

मग तिच्या घरचा खाऊ बदलला. पोरी डबा हलवायला सांगत आणि डबा वाजतच नसे. शिरा म्हणाव्यात तर शिरा नाही. निघायचे दह्यातले पोहे. दुसऱ्या दिवशी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, तिसऱ्या दिवशी गूळ आणि ओलं खोबरं. पोरींची तोंडं उतरली. मंदाबाई, माझ्या डावीकडची, जिच्या जिभेला हाड नाही, ती म्हणाली की लग्नाचा खर्च आहे, आतापासूनच तेल वाचवतेय. आम्ही हसलो. यशोदाबाईही हसली, पण पदर कपाळापर्यंत ओढून. गाणी सुरू झाली की ती म्हणे, "हळू म्हना गं पोरींनो, सासूबाई निजेल हायेत." सासूबाई कानानं ठार बहिऱ्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, थंड खाऊ, हळू बोलणं, कपाळावर पदर, मग वच्छलाबाई, तुझ्यासारखीला कळलं कसं नाही? मीही स्वतःला विचारते. पण देवी येतात चैत्र-वैशाखात, उन्हाच्या तडाख्यात. आश्विनाच्या तोंडावर, ज्वारी पोटऱ्यात आलेली असताना देवी येतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. आणि देवी आलेल्या घराच्या दाराला निंबाचा डहाळा लागतो. तो न लावणं म्हणजे देवीला घरात कोंडून ठेवणं, ते पाप कोण करील? यशोदाबाईच्या दाराला झेंडूचं तोरण होतं.

सर्वपित्रीच्या संध्याकाळी तिच्या ओट्यावर गाणी चालली होती. कुंदाबाई खोकं घेऊन बसली होती, मी खांबाला टेकले होते. मध्येच वेणू दिसेना. बघतो तर आतल्या खोलीच्या पडद्यामागून ती हळूच बाहेर आली आणि आईच्या मांडीवर येऊन बसली. घरी जाताना मला आणि कुंदाबाईला तिनं सांगितलं की पुना बिबट्या झालाय. अंगावर ठिपके आलेत, तोंडावर पण आलेत. तो खाटेवर निजून बिबट्याचं पुस्तक बघतोय आणि बोलत नाही, कारण बिबटे बोलत नाहीत.

कुंदाबाई उभी राहिली. मला वाटलं तिला काही उमगलं. पण ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि वेणूचे मुके घेत मला म्हणाली, "बघा अक्का, अजून अक्षर येत नाही आणि पोर गोष्ट रचते. पुस्तकाचा गुण." पुना मामाकडे आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं. मला मात्र हसू आलं नाही. का ते कळलं नाही, आणि मी ते अमावस्येवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी मंदाबाईच्या ओट्यावर सगळा मेळा जमला होता. कुंदाबाईनं वेणूला मध्ये उभं केलं आणि सांग म्हणाली, पुना काय झाला? वेणूनं सगळं सांगितलं. ठिपक्यांतून पाणी येतं हेही सांगितलं, ते काल सांगायचं राहिलं होतं. पोरं टाळ्या पिटायला लागली. बाया कौतुकानं कानशिलावर बोटं मोडायला लागल्या. मी यशोदाबाईकडे पाहिलं. ती हसत होती, पण मंदाबाईनं धरायला दिलेला खाऊचा डबा तिनं दोन्ही हातांनी छातीशी असा दाबून धरला होता की जणू कुणीतरी तो हिसकावून घेणार आहे. कमल रडवेली होऊन घराकडे निघून गेली. लग्न ठरलेली पोर, लाजली असेल, असं मंदाबाई म्हणाली.

घट बसल्यावर दोन-तीन दिवसांनी कमलनं बिबट्याचं पुस्तक परत आणून दिलं. कुंदाबाईनं सगळ्यांसमोर ते उघडलं. आतला वाळका चुरा झालेला पाला गेला होता आणि त्या जागी हिरवागार, ओला, ताजा निंबाचा पाला होता. बिबट्याच्या पानावर तर चार-पाच काड्या तशाच. कुंदाबाईला आनंद मावेना. तिनं पुस्तक हातात उंच धरलं आणि म्हणाली, पुस्तक कसं सांभाळावं हे यशोदाबाईंकडून शिका, मी वाळका घातला होता, त्यांनी आठवणीनं ताजा घातला. यशोदाबाई खाली बघत राहिली. आपल्याला कुणी चांगलं म्हटलं की आमच्या बाया अशाच खाली बघतात, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

मग काय, चढाओढ लागली. भिकन तेल्याच्या बायकोनं आपल्या पुस्तकात ओला पाला घातला, मंदाबाईनं त्याहून जास्त घातला. उखर्डूच्या घरच्यांनी तर हत्तीच्या पुस्तकात इतका पाला कोंबला की हत्तीची सोंड हिरवी झाली. विहिरीपाशी एक जुना निंब होता, त्याच्या खालच्या फांद्या आठवड्यात बोडक्या झाल्या. बिबट्याचं पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होतं आणि मध्ये दोन रात्री वेणूनं ते आपल्या उशाशी घेतलं. दसरा झाला, सोनं वाटून झालं. कोजागरी जवळ आली तशी गल्लीला लग्नघराची कळा चढली. फक्त मंदाबाईचा धाकटा किरकिर करत होता, त्याला दात येत होते म्हणे.

कोजागरीच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, कुंदाबाईनं आपल्याच ओट्यावर सगळ्या पोरांना जमवलं. गुलाबाई उद्या उठणार, म्हणून आज बिबट्याची गोष्ट शेवटची. पोरं दाटीवाटीनं बसली होती, एकाच्या मांडीवर दुसरं. वेणू आईला चिकटून, नेहमीपेक्षा गप्प. कुंदाबाई बिबट्याचा आवाज काढून वाचत होती. बिबट्या बाजारात पोचला, त्यानं फेटा नीट केला, आणि तेवढ्यात पोरांच्या मागून एक आवाज आला, "बिबट्या मले दाखवा न."

पुना उभा होता. नुकतं न्हाऊ घातलेला, केस ओले, अंगात बापाचा ढगळ सदरा. आणि त्याच्या कपाळावर, गालांवर, नाकावर, पापण्यांपर्यंत लालसर खड्डे, काहींवर अजून खपली. मी असं तोंड रोज आरशात बघते, पण माझे वण जुने. ताजे वण मी भावाच्या तोंडावर पाहिले होते, त्यानंतर आत्ताच.

पुना पोरांतून वाट काढत पुढे आला, कुणाच्या खांद्यावर हात ठेवत, कुणाच्या डोक्याला धरत, आणि पुस्तकासमोर बसला. वेणू आईकडे वर बघत म्हणाली, "मी सांगितलं होतं ना?"

कुंदाबाईच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. पानात पुनाच्या अंथरुणातला पाला होता, आता सुकून करडा झालेला. ती त्या पाल्याकडे बघत राहिली. तिला काय काय एकदम कळत होतं ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं. मी पुढे होऊन पोरांना उठवलं, घरोघर पिटाळलं. एकदोन रडायला लागली. त्यांना वाटलं, गोष्ट अर्धी राहिली.

यशोदाबाई धावत आली तेव्हा ओट्यावर आम्ही तिघी आणि दोन पोरं उरलो होतो. तिनं पुनाला उचलून कडेवर घेतलं. पदर डोक्यावरून घसरला होता आणि केस महिनाभर न विंचरल्याच्या जटा झाल्या होत्या. मी तोंड सोडणार होते. काय काय बोलणार होते ते सगळं जिभेवर होतं. पण तीच आधी बोलली, हळू, घरात देवी असताना बोलतात तसं.

"माझ्या कमलचं लगीन ठरेल व्हतं. घरात देवीबाया आल्या असं बाहेर जातं त् सोयरीक मोडली असती. पोराले चित्रं पाहून बरं वाटे, म्हनून पुस्तक त्याच्या उशाशी ठेवलं. पाला त्याच्या अंगाखालचा गेला असंन, माह्या ध्यानात नही राह्यलं."

कुंदाबाईनं पुस्तक मिटलं.

"पडद्याआड तुमची वेणू गेली तवा माहा जीव उडाला," यशोदाबाई म्हणाली. "मंग म्हटलं, तुम्ही शिकेल बाई. तुमची पोर टोचेल असंन. तेवढ्यावरच मी निजली."

कुंदाबाईनं वेणूला जवळ ओढलं आणि तिच्या झग्याची बाही खाली, कोपरापर्यंत ओढली. तो कोरा दंड ती आता कुणापासून झाकत होती, तिलाच ठाऊक. यशोदाबाईनं ते पाहिलं. तिच्या तोंडातून "माय वं" एवढंच निघालं, आणि ती पोराला घेऊन ओट्यावरून उतरली.

मग कुंदाबाई वाऱ्यासारखी उठली. वेणूला माझ्यापाशी टाकून ती घरोघर गेली आणि पुस्तकं परत मागू लागली. मी वेणूला कडेवर घेऊन तिच्या मागोमाग. तिचं म्हणणं बरोबर होतं. ज्या पुस्तकात ओला पाला निघेल त्या घरात आजार असेल, ते घर आधी धरायचं, दवाखान्यात सांगायचं, बाकीच्या पोरांना तिथून लांब ठेवायचं. भिकनच्या बायकोनं पुस्तक दिलं, उघडलं, हिरवा पाला. उखर्डूच्या घरचं उघडलं, हिरवा पाला. मंदाबाईनं दार अर्धंच उघडलं, धाकटा निजलाय म्हणाली, पुस्तक फटीतून दिलं. त्यातही हिरवा पाला, ओला, आजच खुडलेला. एकूण एक पुस्तकात तेच.

"तुम्हीच त् सांगितलं व्हतं, कुंदाबाई," भिकनची बायको जराशी नाराज होऊन म्हणाली. "यशोदाबाईसारखं करा म्हने."

कुंदाबाई गल्लीच्या मध्यावर, खोक्यावर बसली. पुस्तकं मांडीवर होती आणि त्यांतून पाला गळत होता. मला तिची इतकी दया आली की राग कुठल्या कुठे गेला. ती मला म्हणाली, "अक्का, आता ओळखायचं कसं?"

मी म्हटलं, आधी आपली पोर बघ, गल्ली मागून बघ. सकाळी उठून वेणूला टोचून आण. टोचणारा दवाखान्यात मुक्कामाला आहे, मी कालच ऐकलंय. तिनं मान हलवली. इतकी वर्षं ज्या गोष्टीला भिऊन ती धुळ्यापर्यंत पळत गेली, तिला ती एका मान हलवण्यात कबूल झाली. मला वाटलं, उशीर झाला, पण अगदी उशीर नसेल झाला. माणसाला असं काहीतरी वाटावंच लागतं.

सकाळी आम्ही दोघी गेलो. कुंदाबाईनं वेणूला शालीत गुंडाळून घेतलं होतं. टोचणारा भला माणूस, त्यानं सामान मांडलं, दंड पुसला, वेणूला गोळी दाखवली. वेणूनं गोळीकडे बघितलं नाही. मग त्यानं दंड धरलेला हात तसाच ठेवला, दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवला, गळ्याला लावला. त्यानं सुई परत पेटीत ठेवली.

"ताप कधीपासून आहे?" त्यानं विचारलं.

कुंदाबाई म्हणाली, नाही, ताप नाही, शालीनं अंग तापलंय. पेटीचं झाकण लावताना त्यानं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि मला वाटतं आमचं दोघांचं त्यातच बोलणं झालं.

परत येताना ती पुढे, मी मागे. गल्लीच्या तोंडाशी विहिरीपाशी तोच बोडका निंब होता. तिथं ती थांबली आणि वरच्या फांद्यांकडे बघत राहिली, कारण खालच्या आम्ही सगळ्यांनी मिळून ओरबाडल्या होत्या. मग घरात गेली. दार लोटून घेतलं.

त्या दिवशी कोजागरी. पोरी गुलाबाई उठवायला निघाल्या, तर त्यांना कुठल्या घरी जावं कळेना. मी घरी आले, चूल पेटवली आणि भांडी बाजूला ठेवून बसले. ओळखायचं कसं, असं ती विचारत होती. पाल्यानं ओळखता येत नव्हतं, पण जेवणाची वेळ होत आली होती आणि मला कान होते. डावीकडे मंदाबाईचं घर. तिथून काही आवाज आला नाही. पलीकडे भिकनकडे कढई ठेवल्याचा आवाज झाला आणि थोड्या वेळानं मोहरी तडतडली, तेव्हा मी देवाला हात जोडले. त्याच्यापुढे उखर्डूकडे शांत. मी एकेक घर मनात धरत होते आणि सोडत होते, खाऊचा डबा हलवून ऐकावा तसं. उजवीकडची भिंत मी मुद्दाम शेवटाला ठेवली होती.

मग भिंतीला कान लावला. चुलीत लाकडं सारल्याचं ऐकू आलं. भांडं ठेवल्याचं ऐकू आलं. मी वाट बघत राहिले. थाप मारायला हात उचललेला होता. पलीकडून कुंदाबाईचा आवाज आला, अगदी हळू, मला ओळखू न येण्याइतका हळू. ती वेणूला विचारत होती, "दहीभात खाता का, बाई?"